कुंदाबाईंचा गुडघा आणि एकाहत्तरची लढाई

यंदाच्या उन्हाळ्यात टीव्हीवर पुन्हा लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि जळगावच्या एका शिक्षणसंस्थेला देशभक्तीची उबळ आली. त्या संस्थेच्या कॉलेजात हेमांगी इतिहास शिकवायची. संस्थाचालकांनी तिला बोलावून सांगितलं की एकाहत्तरच्या युद्धावर काहीतरी करा, पण रडवणारं करा. हेमांगीला लगेच धुळ्याची चारुलता आत्या आठवली. आत्याचे यजमान डॉक्टर योगेंद्र त्या युद्धात आरमारात सर्जन होते, आणि आत्याचा तेव्हा त्यांच्याशी साखरपुडा झालेला होता. युद्ध होतं, समुद्र होता, लग्नाची वाट पाहणारी मुलगी होती. यापेक्षा जास्त काय पाहिजे?

"आत्या, मामांनी तुला पत्रं लिहिली असतील ना?" तिने धुळ्याला येऊन विचारलं.

"लिहिली की," चारुलता म्हणाली. "बरीच लिहिली."

"मग जपून ठेवलीस ना?"

चारुलताने कपाट उघडलं. पत्रं साड्यांच्या दुकानाच्या एका पिशवीत होती, मिक्सरच्या वॉरंटीकार्डाशेजारी. डॉक्टर समोरच आरामखुर्चीत पेपर वाचत होते. वय ऐंशीच्या पुढे, पाठ अजून ताठ, कानात यंत्र. धुळ्यात चाळीस वर्षं त्यांनी दवाखाना चालवला आणि एवढ्या वर्षांत पेशंटशी आणि बायकोशी सारखंच बोलले, म्हणजे जरुरीपुरतं.

"अहो, तुमची युद्धातली पत्रं हेमांगी मागतेय," चारुलता मोठ्याने म्हणाली.

"कसली?"

"मला लिहिलेली."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "लिहिली असतील. युद्ध होतं, वेळ बराच होता," असं म्हणून त्यांनी पेपराचं पान उलटलं.

हेमांगी पिशवी छातीशी धरून जळगावला गेली. पिशवीत काय आहे हे चारुलताला चांगलं ठाऊक होतं, पण इतक्या उत्साहाने आलेल्या भाचीचा हिरमोड तिच्याच्याने करवेना.

त्या पत्रांची गोष्ट अशी होती.

एकाहत्तर साली चारुलता पाचोऱ्याला राहत होती. वडील भाईदासआबा कापसाचे अडते, घर बाजारपेठेत, आणि ओटा एवढा ऐसपैस की सकाळ-संध्याकाळ तिथे दहा माणसं टेकलेली असायची. दिवाळीच्या आधी साखरपुडा झाला तेव्हा योगेंद्र दोन दिवसांची रजा काढून आला होता. त्याने तिला एकच प्रश्न विचारला, तब्येत कशी असते. तिने सांगितलं, बरी असते. मग तो बोटीवर गेला, तिकडून पत्रं सुरू झाली, आणि दीड-दोन महिन्यांत लढाई पेटली.

पहिलं पत्र आलं ते पोस्टमनने तिच्या हातात दिलंच नाही. आरमाराचा शिक्का बघून त्याने ते सरळ आबांना नेऊन दिलं. आबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि लेकीला हाक मारली.

"वाच मोठाथीन," आबा म्हणाले. "जवाई सरकारना मानूस शे. तठे काय चाली राहिनं ते बठ्ठासले समजाले पाहिजे."

सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायचं म्हटल्यावर ओट्यावरची माणसं सरसावून बसली. शेजारच्या कुंदाबाई भाकरी टाकून आल्या. चारुलताने पत्र उघडलं. सुरुवात 'स. न. वि. वि.' अशी होती, जणू नगरपालिकेला अर्ज लिहिलाय. पुढे लिहिलं होतं, 'मी कुठे आहे हे लिहिण्याची परवानगी नाही. जिथे आहे तिथे पाणी आहे. बोटीवर सगळे विशीतले धडधाकट जवान असल्याने मला फारसे काम नाही. कोणाला गळू होते, कोणाला बोट लागते.' आणि शेवटी, सहीच्या अगदी वर, एक ओळ होती: 'संध्याकाळी डेकवर उभा राहतो तेव्हा तुझी आठवण येते.'

चारुलताचे कान तापले. ओट्यावर दहा माणसं, समोर आबा. तिने क्षणभर थांबून वाचलं, "संध्याकाळी डेकवर उभा राहतो तेव्हा वारा बरा येतो."

"चांगलं शे," आबा म्हणाले. "हवेशीर शे म्हणजे."

तेवढ्यात कुंदाबाईंनी विचारलं, "त्याले बोटवर काम नही म्हने? मग मना गुडघानं ईचार ना. दोन वरीस व्हयनात दुखी राहिना."

उत्तर लिहायला चारुलता बसली ती आबांच्या समोर, ओट्यावरच. आपल्या मनातलं लिहायची सोय नव्हती. खुशाली लिहिली, कापसाचा भाव लिहिला, आणि कुंदाबाईंचा गुडघा लिहिला. कोणत्या पायाचा, सकाळी जास्त की रात्री, सूज आहे की नाही, सगळं.

डॉक्टरांचं पुढचं पत्र आलं ते दोन पानांचं. दीड पान गुडघा होता. शेक कसा घ्यायचा, मांडी घालून बसायचं नाही, वजन किती असावं, जिना उतरताना कोणता पाय आधी टाकावा. कुंदाबाईंनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं. शेवटी पुन्हा एक ओळ होती: 'उत्तरात तू स्वतःविषयी काही लिहिले नाहीस.' चारुलताने वाचलं, "घरातल्या सर्वांविषयी लिहावे." आणि त्याप्रमाणे सर्वांनी लिहायला लावलं. कोणाचा कान वाहत होता, कोणाच्या सुनेला उलट्या थांबत नव्हत्या. पलीकडचे रतिलालशेठ ओट्यावर सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत, पण त्यांनी आबांच्या कानात आपला त्रास सांगितला आणि आबांनी तो लेकीला जमेल तेवढ्या सभ्य शब्दांत लिहायला लावला.

तिसऱ्या पत्रात सगळ्यांची उत्तरं होती, मुद्देसूद. शेवटी आठवणीची ओळ होती, पण आधीपेक्षा आखूड. चौथ्या पत्रापासून ती बंद झाली. तिच्या जागी 'सर्वांना नमस्कार' आलं आणि ते कायमचं राहिलं. चारुलताला त्या दिवशी रडू आलं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण रतिलालशेठच्या औषधाच्या ओळीवर सेन्सॉरने काळी शाई फासली होती आणि ओट्यावर तिचीच चर्चा चालली होती. गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची ते कळेना. लग्नानंतर डॉक्टरांनी एकदाच, तेही जेवताना, सांगितलं की पत्रं तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना बोलावून विचारलं होतं, हा रतिलाल कोण आणि त्याच्या हालचाली तुम्ही का कळवताय.

थोडक्यात, लढाईचा तो हिवाळा डॉक्टरांनी पाचोऱ्याच्या एका गल्लीवर टपालाने उपचार करण्यात घालवला. फेब्रुवारीत लग्न झालं. मुलगी शहाणी आहे, भावनेत वाहून जाणारी नाही, असं त्यांचं मत झालेलं होतं. तिचंही मत झालं होतं की माणूस चांगला आहे, पण कोरडा आहे. या दोन मतांवर त्यांचा संसार त्रेपन्न वर्षं विनातक्रार चालला.

आठवडाभराने हेमांगी पुन्हा आली, सोबत भूषण नावाचा तिचा सहकारी. मराठीचा प्राध्यापक, नाटकवेडा, आवाज असा की 'पाणी द्या' म्हणाला तरी टाळ्या पडाव्यात. डॉक्टर त्या वेळी झोपले होते. भूषणने पत्रांची पिशवी टेबलावर ठेवली आणि जरा अवघडून बसला.

"काकू, मी सगळी पत्रं वाचली. पण यात युद्ध कुठे आहे?"

"ते कुठे काही लिहू देत होते?"

"प्रेमही नाही फारसं."

"ते आबा लिहू देत नव्हते."

भूषण हसला नाही. तो खरोखरच अडचणीत होता. हॉल ठरला होता, पत्रिका छापायला गेल्या होत्या. "मूळव्याध आहे," तो हळूच म्हणाला. "तीन पत्रांत आहे."

"सतरा डिसेंबरचं वाचलं का?" चारुलताने विचारलं.

"वाचलं ना. मिठाचं आहे ते."

"मिठाच्या आधी."

भूषणने ते पत्र काढून पाहिलं. 'परवा जखमी आणले. रात्रभर उभा होतो. एका मुलाचा उजवा हात वाचवता आला नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, साहेब, आता सही कोणत्या हाताने करू. कुंदाबाईंना म्हणावे मीठ कमी करा.'

"आहे, पण फार त्रोटक आहे हो काकू," भूषण म्हणाला. "स्टेजवर पोचणार नाही. आणि लगेच कुंदाबाई येतात. लोक हसतील." मग त्याने खुर्ची जवळ ओढली. "मी थोडी मांडणी करून घेऊ का? गाभा तोच ठेवून?"

मांडणी म्हणजे टेबलखुर्च्यांची असते तशी काहीतरी असेल असं चारुलताला वाटलं. ती म्हणाली, "घ्या करून."

कार्यक्रमाच्या दिवशी संस्थेने गाडी पाठवली. जळगावचा मे महिना, हॉलमध्ये चार मोठे कूलर भणाणत होते, तरी लोक पत्रिकेनेच वारा घेत होते. रावेर-यावलकडची केळीवाली मंडळी कुटुंबासकट आली होती. संस्थाचालकांनी शाल-श्रीफळ देताना सांगितलं की डॉक्टरसाहेबांनी पाणबुडीतून शत्रूच्या छातीत धडकी भरवली. डॉक्टर आयुष्यात कधी पाणबुडीत उतरले नव्हते. पण कूलरच्या आवाजात त्यांचं कानातलं यंत्र नुसतं घरघरत असावं, कारण त्यांनी शांतपणे नमस्कार केला.

मग कूलर बंद केले, दिवे मंद झाले आणि पांढऱ्या गणवेशातला भूषण पुढे आला. त्याच्या हातात एक पिवळट कागद होता. तो चारुलताच्या ओळखीचा नव्हता.

"प्रिय चारू," त्याने सुरुवात केली. "समुद्र पेटला आहे. क्षितिजावर ज्वाळा आहेत. माझे हात रक्ताने माखले आहेत, आणि या हातांनी तुला हळद लावण्याचं स्वप्न मी पाहतो आहे..."

चारुलता ताठ बसली. हळद नवरा लावत नाही, एवढंही या मुलाला ठाऊक नाही, असं पहिल्यांदा तिच्या मनात आलं. मग राग आला. पुढच्या ओळीत चंद्र आला, तिच्या केसांचा वास आला, खलाशांची गाणी आली. मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. हेमांगीने डोळ्यांना ओढणी लावली. भूषण सांगत होता, "चारू, मी परत आलो नाही तर पाचोऱ्याच्या स्टेशनवर येऊन उभी राहू नकोस. पण आलो, तर पहिल्या गाडीने येईन, आणि त्या गर्दीत तुला नावाने हाक मारीन."

चारुलताने गालाला हात लावला, तो ओला झाला. तिला स्वतःचीच लाज वाटली. खऱ्या पत्रांतल्या तीन ओळी तिने स्वतःच गिळून टाकल्या होत्या, आणि आता एका परक्या प्राध्यापकाने रचलेल्या थापांवर ती चारशे माणसांत रडत होती. तिने चोरून शेजारी पाहिलं. डॉक्टर तिच्याकडेच पाहत होते. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तसाच ठेवला. लग्नात भटजींनी सांगितलं म्हणून धरला होता, त्यानंतर लोकांसमोर हे पहिल्यांदाच.

परतताना पारोळ्याला गाडी चहाला थांबली. ड्रायव्हर पलीकडे जाऊन उभा राहिला.

"बरं झालं वाचन," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"ते स्टेशनवरचं चांगलं होतं."

चारुलताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस हे आपलंच समजतो की काय, हे तिला कळेना. खरं सांगावं तर हात सोडतील. न सांगावं तर या वयात एका खोटेपणावर दोघांनी मिळून बसायचं. तिने चहा संपवला आणि म्हणाली, "होतं खरं चांगलं."

ते पत्र मग व्हॉट्सॲपवर सुटलं. आधी जळगाव जिल्ह्यात फिरलं, मग धुळ्याला आलं, मग पुण्याच्या एका नातेवाइकाने ते डॉक्टरांनाच पाठवलं, खाली रडणाऱ्या चेहऱ्यांसह. धुळ्यातले जुने पेशंट भेटायला येऊ लागले. चाळीस वर्षं डॉक्टरांना घाबरणारी माणसं आता त्यांच्याकडे डोळे भरून पाहायची. एका बाईने चारुलताला सांगितलं, "अक्का, नशीबवान शेतस तुम्ही. आमना घरमा तर भाजी आनानी चिठ्ठीबी मालेच लिखनी पडस." डॉक्टर कोणाला काही सांगायचे नाहीत, पण नाहीही म्हणायचे नाहीत. नुसती मान हलवायचे. शिरपूरहून आमंत्रण आलं, पिंपळनेरहून आलं.

चारुलताला आता ते सहन होईना. पत्र खोटं होतं म्हणून नव्हे. ते पत्र जिला लिहिलं होतं, ती खरीच कोणीतरी दुसरी मुलगी होती, चंद्र बघणारी, केसांना वास असलेली, आणि सगळं धुळं तिचं अभिनंदन चारुलताकडे देऊन जात होतं, म्हणून. एका दुपारी तिने साड्यांच्या दुकानाची ती पिशवी काढली आणि सतरा डिसेंबरचं पत्र घेऊन डॉक्टरांसमोर बसली.

"यंत्र घाला कानात," ती म्हणाली. "मला काहीतरी वाचायचंय."

तिने ते मोठ्याने वाचलं. रात्रभर उभं राहणं, उजवा हात, सही, आणि मीठ. काही बदललं नाही.

डॉक्टरांनी पत्र हातात घेऊन अक्षर पाहिलं. मग म्हणाले, "हे माझं."

"आणि ते जळगावचं?"

"ते नाही. पहिल्याच शब्दाला कळलं. 'प्रिय' मी कधी कोणाला लिहिलं नाही."

"मग बोलला का नाहीत? पारोळ्याला मी विचारात पडले होते नुसती."

"तुला रडू आलं ना तिथे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते एखादं निदान सांगावं तसं सांगितलं. "मला वाटायचं तू रडणाऱ्यातली नाहीस. मी सुरुवातीला एक-दोनदा लिहून पाहिलं होतं. तू गुडघ्याचं उत्तर दिलंस."

"आबा समोर बसलेले असायचे."

"प्रत्येक वेळी?"

"आबा, कुंदाबाई, रतिलालशेठ. मी पत्र मोठ्याने वाचायची, ओट्यावर. तुमची ती ओळ आली की वाऱ्याबद्दल वाचायची."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते गोंधळलेलं काहीतरी आलं. "म्हणजे मला वाटलं मुलगी व्यवहारी आहे, तिला असलं काही आवडत नाही. म्हणून मी बंद केलं." मग त्यांनी विचारलं, "आवडायचं?"

"आता काय विचारता?"

"विचारतोय."

"आवडायचं," चारुलता म्हणाली, आणि उठून पिशवी कपाटात ठेवायला गेली, कारण तिथे बसणं तिला अवघड झालं.

संध्याकाळी तिने भूषणला फोन केला. सांगितलं, डॉक्टर शिरपूरला येणार नाहीत, आणि ते पत्रही आता कुठे वाचू नका, ते आमचं नाही.

"काकू, तसं म्हणायला गेलं तर माझंही नाही," भूषण नम्रपणे म्हणाला. "ते आता लोकांचं झालंय. शिरपूरच्या लोकांनी मुलं बसवलीत, गणवेश शिवलेत. तुम्ही नाही आलात तरी चालेल. खरं सांगू, नसलात तर बरंच. मी थोडं वाढवलंय. शेवटी तो परत येत नाही असं केलंय."

 चारुलताने फोन ठेवला आणि डॉक्टरांना सांगितलं की शिरपूरला तुम्ही युद्धात कामी आलात.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पिंपळनेरलाही जायला नको."

शिरपूरचा कार्यक्रम फार चांगला झाला. हेमांगीने व्हिडिओ पाठवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि चारुलताचं काम करणारी पोर पांढऱ्या साडीत स्टेशनच्या पडद्यासमोर उभी होती. चारुलता तेव्हा स्वयंपाकघरात भरताची वांगी गॅसवर भाजत होती. तिने फोन ओट्यावर टेकवून ते दोन मिनिटं बघितलं आणि वांगं करपायला लागलं तशी बंद केलं.

डॉक्टर दारात येऊन उभे होते. या खोलीत ते पाणी प्यायलाही क्वचित यायचे. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"तो मुलगा साताऱ्याकडचा होता," ते म्हणाले.

"कोण?"

"ज्याचा हात गेला तो. जाधव की जाधवराव, आडनाव नीट आठवत नाही. वीस वर्षांचा असेल. कापताना माझ्या मदतीला जो होता तो नवा होता, त्याला चक्कर आली. मग मी एकट्यानेच केलं. बोट हलत होती."

चारुलताने गॅस बारीक केला.

"सकाळी त्याने सहीचं विचारलं. मी म्हटलं, डाव्या हाताने शिकशील. मग तुला पत्र लिहायला बसलो. ते सगळं लिहायचं होतं, पण तुला आवडेल की नाही असं वाटलं. आणि कुंदाबाईंना काय सांगायचं ते मला ठाऊक होतं."

"मग काय झालं त्याचं?"

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. तिने वांगं ताटलीत काढलं आणि गरम असतानाच त्याचं साल सोलत ऐकू लागली.